आवाजांची यादी कोणी केली? मिडी, सिंथेसायझर आणि 'एथनिक' नावाची रांग

भीमगीतांचा कार्यक्रम असो, लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो की मिरवणुकीतले बँजो पथक, आज कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडशिवाय कार्यक्रम उभा राहत नाही. कीबोर्डवाला एक नंबर दाबतो, व्हायोलिन वाजते. दुसरा दाबतो, ट्रम्पेट वाजतो. तिसरा दाबतो, सनई वाजते. श्रोत्यांपर्यंत आवाज पोहोचतो, नंबर मात्र कोणाला दिसत नाही. आम्हाला या लेखात त्या नंबराबद्दलच बोलायचे आहे. व्हायोलिनला ४१, ट्रम्पेटला ५७ आणि सनईला ११२ हे नंबर कोणी दिले? कधी दिले? आणि त्याच यादीत ढोलकी, हलगी, संबळ कुठेच का नाहीत?

'तंत्रज्ञान तटस्थ असते' हे वाक्य आपल्याला सगळीकडे ऐकवले जाते. वायरला धर्म नसतो, चिपला देश नसतो, हे खरेच आहे. पण वायरीतून जाणाऱ्या आकड्याचा अर्थ कोणीतरी ठरवावा लागतो, आणि ठरवणारी माणसे कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी बाजारात, कुठल्यातरी टेबलाभोवती बसलेली असतात. मिडीचा इतिहास म्हणजे याचे स्वच्छ उदाहरण आहे. त्यात औदार्यही आहे आणि उतरंडही आहे. दोन्ही नीट समजून घेतल्या पाहिजेत.

तारेतून आवाज जात नाही

आधी यंत्र समजून घेऊ. मिडीच्या तारेतून आवाज जातो असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. तारेतून फक्त आकडे जातात. तुम्ही कीबोर्डची मधली 'सी' पट्टी दाबली की तीन आकडे निघतात. पहिला सांगतो की अमुक चॅनलवर स्वर सुरू करा. दुसरा सांगतो ६०, म्हणजे कोणती पट्टी. तिसरा सांगतो ती किती जोरात दाबली. ऐकणारे यंत्र त्या आकड्यांवरून स्वतःकडचा आवाज काढते. तेच ६० पियानोवर लावले तर पियानो, बासरीवर लावले तर बासरी.

मग पियानो की बासरी, हे कसे ठरते? त्यासाठी वेगळा संदेश आहे, त्याला 'प्रोग्रॅम चेंज' म्हणतात. तो फक्त दोन आकड्यांचा असतो. पहिला म्हणतो, 'अमुक चॅनलवरचा आवाज बदला.' दुसरा म्हणतो, 'हा नंबर लावा.' चॅनल एकूण १६, म्हणजे एकाच तारेवर सोळा वादक वेगवेगळ्या वाद्यांसह बसू शकतात. आणि नंबर किती? मिडीत माहितीच्या प्रत्येक आकड्याला सात बिट मिळतात. सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे मावतात. म्हणून जागा १२८. एकही जास्त नाही.

ही १२८ ची मर्यादा लक्षात ठेवा. पुढचे सगळे राजकारण या १२८ खुर्च्यांचे आहे.

एका तारेसाठी झालेला करार

१९७० च्या मिनिमूग सिंथेसायझरला स्मरणशक्तीच नव्हती. आवाज बदलायचा तर बटणे हाताने फिरवायची, आणि तोच आवाज पुन्हा हवा असेल तर बटणांच्या जागा कागदावर लिहून ठेवायच्या. त्याआधीच्या मोठ्या यंत्रांत तर आवाज तयार करण्यासाठी तारा एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचाव्या लागत. त्या तारांना 'पॅच कॉर्ड' म्हणत. आजही आपले कीबोर्डवाले तयार आवाजाला 'पॅच' म्हणतात, तो शब्द तिथून आला. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीने प्रॉफेट-५ आणला. त्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि ४० आवाज साठवता येत होते, आठ-आठच्या पाच बँकांत. म्हणजे आवाजाला नाव आणि नंबर मिळाला, पण तो त्या यंत्रापुरता.

एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलत नव्हते. काही कंपन्यांत एका व्होल्टला एक सप्तक असा हिशोब होता, काहींचा हिशोब वेगळाच होता. वादकाने एकाच कंपनीचा सगळा सरंजाम घ्यावा, हे कंपन्यांच्या फायद्याचेच होते. तरीही जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ यांनी सर्वांसाठी एकच भाषा असावी असा आग्रह धरला. स्मिथ आणि चेट वुड यांनी १९८१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे तसा प्रस्ताव मांडला. यामाहा, कोर्ग, कावाई याही कंपन्या चर्चेत आल्या. जानेवारी १९८३ मध्ये अनाहाइमच्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले. दोन देशांतल्या, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रे एकमेकांचे ऐकू लागली.

यातली सर्वांत मोठी गोष्ट तांत्रिक नाही. मिडीचा नियम वापरण्यासाठी कोणालाही परवाना शुल्क द्यावे लागले नाही. छोटा कारखानदार असो, विद्यार्थी असो, ज्याला वापरायचे त्याने वापरावे. म्हणूनच मिडी जगभर पसरला आणि चाळीस वर्षांनंतरही टिकून आहे. ज्ञान खुले केले की ते वाढते, कुलूप लावले की सडते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये काकेहाशी आणि स्मिथ या दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

नंबर एक, अर्थ तीन

पण १९८३ च्या करारात एक गोष्ट ठरलीच नव्हती. नंबर पाठवायचा कसा हे ठरले होते. नंबराचा अर्थ काय, हे नव्हते.

'११' हाच नंबर घेऊ. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये कारखान्यातून भरून आलेल्या आवाजांत अकरावा आवाज इलेक्ट्रिक पियानोचा होता. १९८७ च्या रोलँड डी-५० वर '११' दिसले की 'फँटेजिया' नावाचा झुळझुळता आवाज लागे, आणि तो अकरावा नव्हताच. रोलँडची मोजणी आठ-आठच्या बँकांची होती; ११ म्हणजे पहिल्या बँकेतला पहिला. त्यात आणखी भर म्हणजे तारेतून मोजणी ० पासून चालते आणि यंत्राच्या पाटीवर बहुधा १ पासून. म्हणजे पडद्यावरचा ११२ तारेत १११ होऊन जातो.

परिणाम काय? एका यंत्रावर बसवलेले गाणे दुसऱ्यावर वाजवले की पियानोच्या जागी भलतेच काही वाजे. १९८८ मध्ये मिडी फाइलचा सर्वमान्य साचा ठरला आणि गाण्यांच्या फाइली हातोहात फिरू लागल्या, तेव्हा हा घोळ असह्य झाला. एक सर्वमान्य यादी हवी होती. ती १९९१ मध्ये आली. अमेरिकेतली मिडी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन आणि जपानची मिडी समिती यांनी मिळून 'जनरल मिडी' जाहीर केली. १२८ नंबरांना १२८ नावे, आठ-आठच्या १६ गटांत. १ म्हणजे पियानो. ११ म्हणजे म्युझिक बॉक्स. दहावा चॅनल तालवाद्यांसाठी राखीव. तिथे ३५ ते ८१ या प्रत्येक पट्टीवर एकेक तालवाद्य, असे ४७ आघात.

यादी हवीच होती, याबद्दल आमचा वाद नाही. तिच्यामुळे कोणाच्याही घरातल्या संगणकावर, पुढे साध्या मोबाइलच्या रिंगटोनमध्येसुद्धा, गाणे ओळखू येईल असे वाजू लागले. आमचा प्रश्न यादीतल्या रांगांबद्दल आहे.

चौदावी रांग

सोळा गट असे: पियानो, घंटी-झायलोफोनसारखी स्वरवाद्ये, ऑर्गन, गिटार, बास, तंतुवाद्ये, समूहवाद्ये, पितळी वाद्ये, रीडची वाद्ये, फुंकवाद्ये, सिंथेसायझरच्या आवाजांचे तीन गट, मग 'एथनिक', मग आघाताचे आवाज आणि शेवटी ध्वनिपरिणाम. एथनिकचा गट चौदावा. त्यात १०५ ते ११२ अशा आठ जागा: सितार, बँजो, शामिसेन, कोटो, कालिंबा, बॅगपाइप, फिडल आणि सनई. सनईचे नाव यादीत 'शनाई' असे आहे, म्हणजे धड सनईही नाही आणि शहनाईही नाही.

आता ही रांग कोणत्या निकषावर लागली ते तपासू. सितार तारा छेडून वाजते, गिटारही तारा छेडूनच वाजते. पण गिटारला स्वतंत्र गट आणि आठ जागा, सितार एथनिकमध्ये. सनई दुहेरी रीडची, ओबोही दुहेरी रीडचा. ओबो ६९ व्या जागी रीडच्या गटात, सनई एथनिकमध्ये. बँजोचे मूळ अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वाद्यात आहे. त्याचीही जागा गिटारच्या गटात नाही, एथनिकमध्ये आहे.

सर्वांत बोलका पुरावा व्हायोलिनचा. यादीत ४१ वर व्हायोलिन आहे, तंतुवाद्यांच्या गटात. आणि १११ वर फिडल आहे, एथनिकमध्ये. मित्रांनो, फिडल आणि व्हायोलिन हे एकच वाद्य आहे! तेच लाकूड, त्याच चार तारा, तोच गज. सभागृहात सूटबूट घालून वाजवले की व्हायोलिन; गावच्या नाचात वाजवले की फिडल. म्हणजे ही रांग आवाजावरून लागलेली नाही आणि वाद्याच्या घडणीवरूनही नाही. ती लागली आहे वाजवणारा कोण आणि कुठे, यावरून. बॅगपाइप तर युरोपातलाच, तरी तो एथनिकमध्ये गेला, कारण तो ऑर्केस्ट्राच्या खुर्चीवर कधी बसला नाही.

एमिल दुर्खीम आणि मार्सेल मोस यांनी १९०३ मध्येच म्हटले होते की माणसे वस्तूंचे वर्गीकरण करतात तेव्हा त्यात त्यांच्या समाजाची रचना उतरते. समाजशास्त्राच्या वर्गात हा मुद्दा पुस्तकी वाटतो. ४१ आणि १११ शेजारी ठेवून ऐका, मग तो कानाला कळतो.

आता तालवाद्ये. दहाव्या चॅनलच्या ४७ आघातांत ड्रमसेट आहे. बोंगो, कोंगा, टिंबाली, ग्विरो, कुईका ही लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीतातली वाद्ये आहेत. तबला नाही. ढोलकी नाही. पखवाज नाही. हलगी, संबळ, ताशा यांचा तर विषयच नाही. १९९९ मध्ये यादीची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात ब्राझीलचा सुर्दो आला. तबला तेव्हाही आला नाही. आणि शेवटच्या रांगेत काय आहे? १२५ वर टेलिफोनची घंटी, १२६ वर हेलिकॉप्टर, १२८ वर बंदुकीची गोळी. हेलिकॉप्टरला नंबर आहे, तबल्याला नाही.

टेबलावर कोण बसले होते?

येथे काहीजण म्हणतील, '१२८ च जागा होत्या, सगळे जग कसे मावणार?' बरोबर आहे. पण मर्यादा सांगते की जागा किती. जागा कोणाला, हे मर्यादा सांगत नाही. ते माणसे ठरवतात. दुसरा युक्तिवाद बाजाराचा: तेव्हा कीबोर्डचा मोठा ग्राहक अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये होता. हेही खरे. पण हे कारण झाले, समर्थन नव्हे. आणि तिसरा युक्तिवाद: 'एथनिक नाही तर दुसरे काय म्हणणार?' याचे उत्तर जुनेच आहे. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ मध्ये आवाज कशातून निघतो यावरून जगभरच्या वाद्यांचे वर्गीकरण केले होते: तार, हवेचा स्तंभ, ताणलेले कातडे, की खुद्द वाद्याचे अंग. त्या पद्धतीत सितार आणि गिटार एकाच घरात राहतात. पर्याय नव्हता असे नाही.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो जपानचा हिशोब. यादीत जपानी वाद्ये मोजा. ७८ वर शाकुहाची, आणि ती एथनिकमध्ये नाही, बासरीशेजारी फुंकवाद्यांत आहे. १०७ वर शामिसेन, १०८ वर कोटो, ११७ वर ताइको नगारा. एका देशाची चार वाद्ये. भारताची दोन. चीनचे एरहू नाही, अरबांचे ऊद नाही. जपानी वाद्ये जास्त श्रेष्ठ म्हणून असे झाले का? नाही. जपानी माणसे टेबलावर बसलेली होती म्हणून झाले. नियम लिहिताना जो खोलीत असतो त्याचे वाद्य यादीत येते. जो नसतो त्याच्या वाद्याला कोणी हेतुपुरस्सर वगळावेही लागत नाही, ते आपोआप राहून जाते. प्रतिनिधित्व का हवे, या प्रश्नाला याहून सोपे उत्तर आम्हाला माहीत नाही.

आम्ही या यादीला जातिव्यवस्था म्हणत नाही. कोणाचा छळ करण्यासाठी ती बनली नव्हती आणि तसे म्हणणे छळ सोसलेल्यांवर अन्याय होईल. पण वाईट हेतू नसतानाही उतरंड कशी तयार होते, हे शिकायला ती उत्तम धडा आहे.

मागच्या दाराने मिळालेली जागा

१२८ च्या पुढे जाण्याची वाटही मिडीत आहे. तिला 'बँक सिलेक्ट' म्हणतात. प्रोग्रॅम चेंजच्या आधी आणखी दोन आकडे पाठवायचे आणि सांगायचे की कोणत्या कपाटातला नंबर हवा. १२८ गुणिले १२८ म्हणजे १६,३८४ कपाटे, प्रत्येकात १२८ आवाज. एकूण २०,९७,१५२ जागा. आता जागा कमी म्हणून वगळले, ही सबब संपली.

पण या कपाटांची मांडणी कशी झाली? रोलँडने १९९१ मध्ये साउंड कॅनव्हास यंत्राबरोबर आपली जीएस पद्धत आणली. तिच्यात मुख्य कपाटातल्या आवाजाला 'कॅपिटल टोन' म्हणत आणि त्याच नंबरामागच्या इतर आवाजांना 'व्हेरिएशन'. यामाहाची एक्सजी पद्धत १९९४ मध्ये आली. तिच्यात तंबोरा मिळतो, पण सितारीच्या १०५ नंबरामागे. रबाब, गोपीचंद आणि ऊद मिळतात, पण बँजोच्या १०६ मागे. पुंगी मिळते, सनईच्या ११२ मागे. आणि मागचे कपाट यंत्रात नसेल तर? मग यंत्र समोरचा मुख्य आवाज वाजवते. म्हणजे तुम्ही रबाब मागितला आणि यंत्राकडे नसला, तर तुम्हाला बँजो ऐकायला मिळेल. जागा मिळाली, पण दुसऱ्याच्या नावाखाली.

मुंबईच्या बँजो पथकांचे उदाहरण घ्या. आपण ज्याला बँजो म्हणतो ते बटणांचे, तारांचे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानच्या ताइशो-कोटो या वाद्यात आहे. लालबाग-परळचा पोरगा कीबोर्डवर १०६ दाबेल तर त्याला अमेरिकी बँजो ऐकू येईल. त्याच्या बँजोचा जवळचा नातेवाईक दुसऱ्या आवृत्तीत कोटोच्या १०८ नंबरामागे, 'ताइशो कोटो' या नावाने ठेवला आहे. नावावरून शोधणारा पोरगा तिथे पोहोचणारच नाही.

आपल्या माणसांनी काय केले?

आपले वादक यादीची वाट पाहत बसले नाहीत. १९८५ चा रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड आठवा. त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड, काठी मारली की पट्टीचा नंबर तारेतून बाहेर. आवाज दुसऱ्या यंत्राचा. पुढच्या पिढ्यांत आवाज आत आले, आणि मग रेकॉर्ड केलेला आवाज पॅडवर चढवण्याची सोयही आली. आपल्या ऑर्केस्ट्रांतल्या पॅडवाल्यांनी ढोलकीची थाप, हलगीची कडकड, संबळाचा ठेका त्यावर चढवला. यादीत ज्याला नंबर नव्हता त्याला त्यांनी नंबर दिला. यामाहाने भारतासाठी पीएसआर-आय मालिकेचे कीबोर्ड काढले, त्यांत भारतीय वाद्ये आणि ताल घातले. ग्राहक मोठा झाल्यावर बाजाराला कान फुटले.

पण येथे आपल्या घरातला प्रश्न सुरू होतो. हलगी, सनई, संबळ पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारी माणसे कोण होती आणि लग्नाच्या मांडवात त्यांना कुठे बसवले जायचे, हे या लेखाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. वाद्य शुभ, वाजवणारा बाहेर. आज त्याच हाताची एक थाप एकदा रेकॉर्ड होते आणि हजारो पॅडवर वाजते. त्या वाजवणाऱ्याचे नाव कुठे असते? त्याला मोबदला किती वेळा मिळतो? आवाज आत आणि माणूस बाहेर, हा जुनाच व्यवहार नव्या यंत्रात चालू राहिला तर यादीत नंबर मिळून उपयोग काय?

नाव आपणच द्यायचे

२०२० मध्ये मिडी २.० आला. त्यात बँक आणि प्रोग्रॅम एकाच संदेशात पाठवता येतात. शिवाय यंत्रे आता एकमेकांना आपली आवाजांची यादी नावांसह सांगू शकतात. म्हणजे तुमचे यंत्र स्वतःहून म्हणू शकते, 'माझ्याकडे हलगी आहे.' १९९१ च्या कोणत्याही रांगेत तिला कोंबण्याची गरज नाही. दार उघडे आहे. आत कोण जाणार, एवढाच प्रश्न.

म्हणून आमचे तरुण मित्रांना तीन गोष्टींचे सांगणे आहे. एक, मिडी शिका. तो फुकट आहे, साध्या संगणकावर आणि मोबाइलवर चालतो, आणि त्याचे नियम कोणाच्या बापाची मालमत्ता नाहीत. दोन, आपल्या वस्त्यांतल्या जुन्या वादकांकडून हलगी, ढोलकी, संबळ, तुणतुणे नीट रेकॉर्ड करा. एकच थाप घेऊन थांबू नका. हलका, मध्यम, जोराचा असे वेगवेगळे आघात घ्या. आणि त्या फाइलींना 'एथनिक ड्रम १' असले नाव देऊ नका. हलगी म्हणा, आणि तिच्या प्रत्येक आघाताला वादक जे नाव वापरतो तेच नाव द्या. तीन, फाइलीसोबत वाजवणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहा आणि मोबदल्याचा करार आधी करा, नंतर नाही.

नंबर देणारे टेबल एकेकाळी अनाहाइम आणि टोकियोच्या मधे कुठेतरी होते. आज ते तुमच्या लॅपटॉपवर आहे. त्यावर बसून आपण पुन्हा कोणाला तरी शेवटच्या रांगेत ढकलणार, की आवाजाबरोबर माणसालाही नाव देणार, हे आता आपण ठरवायचे आहे.